वनमालाच्या डोळ्यांची सूज

वनमाला रडत नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चाळीत ही गोष्ट मान्य करायला एकही माणूस तयार नव्हता.

सकाळी ती हंडा घेऊन नळावर आली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. तिच्या डोळ्यांखाली दोन फुगवटे असायचे, तेलात सोडलेल्या पुरीसारखे टम्म. कातडी ताणलेली, चकचकीत. वयानं सव्वीस-सत्तावीसची पोरगी, पण डोळ्यांकडे बघून कुणीही चाळिशीची म्हणावी.

"काल पण रडलीस ना गं?" चंपा विचारायची. चंपा म्हणजे शेजारच्या खोलीतली, मनानं चांगली, तोंडानं फाटकी.

"नाही गं. रडू कशाला?"

"माझ्यापाशी कशाला लपवतेस? मधे भिंत थोडीच आहे, फळ्या आहेत नुसत्या."

"मग ऐकलंस कधी रडताना?"

"तेच तर! आवाज न करता रडतेस. ते जास्त वाईट."

आता यावर काय बोलणार? नवरा आखातात असलेली बाई आणि तिचे सुजलेले डोळे, एवढं समोर दिसल्यावर लोकांना पुढचं विचारायची गरज वाटत नाही. बाईचं वाट बघणं लोकांना दिसावं लागतं. तोंडावर दिसलं पाहिजे, नाहीतर ते खरं नाही.

नवरा दशरथ गिरणीत साचेवाला होता, माग चालवायचा. ब्याऐंशीला संप झाला आणि तो कुणी मिटवलाच नाही. मालक जमिनीवर डोळा ठेवून बसले, पुढारी भाषणं करून घरी गेले आणि ज्यांना घरी जायला तोंड नव्हतं ते मिळेल त्या दिशेला पांगले. दशरथ दोन वर्षं वाट बघून दोह्याला गेला. भर उन्हात इमारतीचं लोखंड बांधायचं काम. करार तीन वर्षांचा. मधे एकदा घरी यायची सुट्टी होती, तीही त्यानं विकली, कारण बापाला गावच्या घरावर कौलं घालायची होती. आता शहाऐंशी संपत आलं होतं.

त्याचे फोटो यायचे. कुणाच्यातरी गाडीला टेकून उभा, डोळ्यांना काळा गॉगल. चाळीतली पोरं म्हणायची, "दशरथदादा एकदम झकास दिसतो यार!" वनमाला फोटो हातात घ्यायची आणि त्या काळ्या काचा बोटानं पुसायची. जणू त्या पुसल्या की मागचं माणूस दिसेल.

गिरणीत असताना तो पाळी संपवून यायचा तेव्हा त्याच्या पापण्यांवर कापसाचे तंतू बसलेले असायचे. पांढऱ्या पापण्यांचा म्हातारा. ती पदराचं टोक पाण्यात बुडवायची आणि एकेक तंतू टिपून काढायची. तो डोळे मिटून, मान वर करून उभा राहायचा, शहाण्या पोरासारखा. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, सासरा आणि ही दोघं. त्यात नवरा-बायकोचं म्हणावं असं उजेडात केलेलं एवढंच काय ते एक काम होतं. तीन वर्षांत तिला आठवायचं तेही तेच. त्याचे मिटलेले डोळे.

आणि हे ती कुणाला सांगणार? पत्र लिहायचा मान सासऱ्याचा. काशीराम खाटेवर मांडी घालून बसायचे, चष्मा लावायचे आणि एकेक ओळ मोठ्यानं म्हणत लिहायचे. "चिरंजीव दशरथ यास अनेक आशीर्वाद. विनंती विशेष. कौलांचं काम अर्धं झालं..." शेवटी एक ओळ ठरलेली: "सौ. वनमालाचा नमस्कार." एकदा तिनं धीर करून म्हटलं, "बाबा, मला पण दोन ओळी लिहायच्यात."

"सांग, लिवतंय मी," काशीराम म्हणाले. पेन कागदावर टेकवून, कान पुढे करून बसले.

सासऱ्याच्या तोंडावर काय सांगायचं? पापण्या आठवतात म्हणून?

"प्रकृतीला जपा म्हणावं," ती म्हणाली.

त्याची पत्रं यायची तीही अशीच. गॅलरीत जाहीर वाचन. निम्मी चाळ ऐकायला. तोही बिचारा शहाणा, सगळ्यांना ऐकवण्याजोगंच लिहायचा.

तर डोळे. उपाय सांगणाऱ्यांचा तोटा नव्हता. चंपानं कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायला लावल्या. कुणी काकडी सांगितली. कुणी चहाचा चोथा फडक्यात बांधून गार करून ठेव म्हणालं. जायफळ उगाळून झालं, बदामाचं तेल झालं. तेवढ्यापुरतं गार वाटायचं. दुपारपर्यंत सूज आपोआप उतरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुऱ्या पुन्हा तयार.

सासू जानकी मात्र एकही उपाय करू द्यायला राजी नव्हती. तिला त्या डोळ्यांचा अभिमान होता. आल्यागेल्याला दाखवायची. "बघा ते डोळे. माझ्या झिलासाठी झुरता ती." म्हातारी वाईट नव्हती. पोराच्या आठवणीनं तिचाच जीव तुटत होता, पण तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. मग ती सुनेच्या डोळ्यांवर भागवून घ्यायची.

दिवाळीत तिघांचा फोटो काढून दोह्याला धाडला. सकाळी सकाळी काढलेला. त्यात वनमालाचे डोळे भरपूर सुजलेले होते.

दिवाळी झाली आणि चंपानं नवीन भीती घातली. "माझ्या मावशीचं असंच झालं होतं. किडनी गेली." मग वनमाला घाबरली आणि नाक्यावरच्या नलिनीबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी तिची नडगी अंगठ्यानं दाबून बघितली, खड्डा पडत नव्हता. रक्तदाब बघितला. लघवी तपासून घेतली, ती स्वच्छ आली.

"सूज सकाळी जास्त की संध्याकाळी?"

"सकाळी."

"रडतेस का?"

"नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढे गेल्या. वनमालाला एवढं बरं वाटलं! तिचं 'नाही' ऐकून घेणारं तीन वर्षांतलं हे पहिलं माणूस.

"खातेस काय दिवसभर?"

वनमाला सांगू लागली. संपापासून ती उडदाचे पापड करून विकत होती. सकाळी पीठ भिजवायचं. त्यात मीठ बरोबर पडलंय का, पापडखार जास्त तर झाला नाही, हे चाखून बघायचं. पीठ तिंबताना पुन्हा चाखायचं, कारण गरोडियानगरच्या गिऱ्हाइकांना चव इकडची तिकडे चालत नाही. लाटायला बसलं की मधे उठता येत नाही, पीठ सुकतं. मग दुपारचं जेवण तिथंच पोळपाटापाशी. कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायच्या, सात-आठ.

"सात-आठ? रोज?"

"छान लागतात," वनमाला ओशाळून म्हणाली. "लहानपणापासून सवय आहे."

"आणि संध्याकाळी?"

"पेज नाहीतर भात. गावचा खारा बांगडा असतो, भाजून. लोणचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अगं बाई, तू जेवत नाहीयेस. तू स्वतःला खारवून ठेवतेयस. तो बांगडा आणि तू, दोघं एकाच बरणीतले."

वनमाला हसली. बाहेर बसलेले पेशंट वळून बघायला लागले एवढं हसली.

"अंगात मीठ जास्त झालं की ते पाणी धरून ठेवतं," डॉक्टर सांगत होत्या. "आडवं झोपलं की ते पाणी तोंडाकडे सरकतं. डोळ्यांखालची कातडी सगळ्यात पातळ, तिथे साचतं. उठून हिंडाफिरायला लागलीस की उतरतं. झोपतेस कशी?"

"पालथी. उशीला तोंड लावून."

"उताणी झोप. डोक्याखाली दोन उश्या घे. सकाळी गार पाण्याचं फडकं ठेव पाच मिनिटं. पीठ चाखायचं तर चाख आणि थुंकून टाक. लाट्या बंद, बांगडा बंद. कुणाकुणाची ही सूज आईबापांकडूनच आलेली असते, ती जात नाही. तुझी जाईल."

गेली. आठ-दहा दिवसांत फुगवटे उतरले, तीन आठवड्यांत डोळे मोकळे झाले. फडताळाच्या आरशात वनमालाला जुनी ओळखीची बाई दिसली. तिला वाटलं, आता हे येऊन बघतील तर बरं. आणि पाठोपाठ वाटलं, कधी येणार पण?

चाळीला मात्र हे आवडलं नाही. "आता रडत नाही वाटतं," नळावर कुणीतरी म्हणालं, तिला ऐकू जाईल असं. "सवय झाली असेल. तीन वर्षं म्हणजे काय थोडी झाली?" जानकीनं तर दोन दिवस धड बोलणं टाकलं. सुनेचे डोळे उतरले म्हणजे मुलाची किंमत उतरली, असा तिचा हिशेब. माणसं अशी असतात. तुमचं दुखणं बरं झालं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

आणि नेमकं तेव्हाच दशरथचं पत्र आलं. काशीरामांनी नेहमीप्रमाणे गॅलरीत उभं राहून वाचायला सुरुवात केली आणि मधेच अडखळले.

"...दिवाळीचा फोटो मिळाला. वनमालाचे डोळे बघितले. दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. मार्चमध्ये करार संपतो. साहेब म्हणतात आणखी दोन वर्षांची सही कर. मी करत नाही. घरी येतो."

चंपानं टाळीच वाजवली. जानकी पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. वनमाला पापडांची परात घेऊन तशीच उभी. येणार! आणि लगेच दुसरा विचार: कशाच्या जोरावर येणार? बांगड्याच्या?

काशीरामांना आनंद झाला नाही असं नाही. पण गावच्या घराचं मागचं पडवीचं छप्पर अजून उघडं होतं. तेही गिरणीतलेच; संपानं त्यांचं सगळं काढून घेतलं होतं, नोकरी, गिरणीतला मान, फंडाचा भरवसा. उरलं होतं ते एक घर पुरं करायचं स्वप्न. त्याच दिवशी त्यांनी उलटटपाली लिहिलं, मोठ्यानं म्हणत: "वनमालाची काळजी नको. डोळ्यांची सूज पूर्ण उतरली आहे. ती अगदी आनंदात आहे. नीट विचार करून निर्णय घ्यावा."

"बाबा..." वनमाला म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

महिन्यानं उत्तर आलं. "वनमाला बरी असेल तर चांगलंच. पण माझी खात्री पटत नाही. तिचा एकटीचा ताजा फोटो पाठवा. खरंच बरी दिसली तर सही करतो. दोन वर्षांत छप्परही होईल आणि मुंबईत काहीतरी धंदा टाकता येईल."

म्हणजे आता सगळं तिच्या डोळ्यांवर आलं. पत्र सासऱ्याचं, वाचन चाळीचं, पण तोंड तरी तिचं होतं ना? नवऱ्याशी बोलायला तिच्यापाशी तेवढी एकच जागा शिल्लक होती, डोळ्यांखालची बोटभर कातडी.

तिनं काय केलं ते सांगायला लाज वाटण्याचं कारण नाही. तिनं लाट्या खायला सुरुवात केली. आठ नाही, बारा. संध्याकाळी खारा बांगडा, वर लोणच्याचा खार. दोन्ही उश्या काढून टाकल्या आणि फरशीला तोंड लावून पालथी झोपली. चार दिवसांत डोळे पुन्हा टम्म. चंपानं तिला तेलातली लाटी तोंडात घालताना पकडलं.

"अगं ए! डॉक्टरनं सांगितलं ना नको म्हणून?"

"उद्या फोटो काढायचाय."

चंपा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती मटकन खाली बसली. "म्हणजे तू खरंच रडत नव्हतीस?"

"तीन वर्षं तेच सांगतेय!"

"मग रड ना! सोपं आहे त्यापेक्षा."

"नाही येत गं रडू," वनमाला म्हणाली. "कुठे रडू? ह्या खोलीत? आई बघत बसतात, बाबा खाकरतात, तू फळीला कान लावून. रडायला पण आडोसा लागतो."

चंपा फळीला धरून उठली आणि म्हणाली, "बरं. खा. पण मग माझा लसणाचा ठेचा पण घे, त्यात मीठ लय आहे."

सकाळी लवकर, सूज उतरायच्या आत, दोघी स्टेशनरोडवरच्या स्टुडिओत पोचल्या. श्यामसुंदर फोटोग्राफर अजून शटर वर करत होता. त्यानं वनमालाला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, हनुवटी इकडे तिकडे वळवली.

"ताई, दुपारी या ना. डोळे जरा बसले की—"

"आत्ताच काढा."

"हसा मग थोडं."

"नको."

त्यानं खांदे उडवले आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. वनमालानं त्या काचेच्या गोल भोकाकडे बघितलं. तीन वर्षं जे बोलायचं होतं ते सगळं डोळ्यांत आणून बघितलं. बघा, नीट बघा, आणि या.

फोटो आणायला तिसऱ्या दिवशी काशीराम परस्पर गेले. परत आले ते फोटो नाचवतच. "बघा गो, कशी दिसता ती! म्हटलं नव्हतं?"

वनमालानं फोटो हातात घेतला. गुळगुळीत चेहरा. डोळ्यांखाली एक सुरकुती नाही, फुगवटा नाही. लग्न ठरवायला पाठवतात तसला. तिनं पापडाचे हात तसेच पदराला पुसले आणि तडक स्टुडिओ गाठला.

"माझे डोळे कुठायत?"

श्यामसुंदर गोंधळला. "आवडला नाही फोटो? अहो, मी स्वतः बसून केलंय. ब्लेडनं निगेटिव्ह खरवडली, वर पेन्सिल मारली. अर्धा दिवस गेला. ह्याचे वेगळे पैसे घेत नाही मी कुणाकडून."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला लागतं? अहो, बाईमाणसाच्या डोळ्यांखाली सूज ठेवून मी फोटो देईन का? माझ्या स्टुडिओचं नाव आहे."

"परत करा. होते तसे करा."

"खरवडलेलं परत येत नाही, ताई," तो म्हणाला, आणि तिचं तोंड बघून त्याचा आवाज खाली आला. "दुसरा काढू का?"

तिनं फोटो उचलला आणि निघाली. काशीराम पत्र आजच टाकणार होते, आणि आज चौथा प्रहर होत आला होता. डोळेही उतरले होते. घरी येताना रस्ताभर तिला त्या भल्या माणसाचा राग येत होता. भल्या माणसांचाच जास्त राग येतो. त्यांना शिवीही देता येत नाही.

घरात जानकी बाहेर गॅलरीत पापड उलटत होती. काशीराम अंघोळीला गेलेले. पत्र लिहून खाटेवर ठेवलेलं, पाकीट उघडंच, शेजारी चिकटवायला भाताची शितं. मोरीतून तांब्याचा आवाज येत होता.

वनमाला सातवी शिकलेली. कपाटावर पापडांची नोंद करायची पेन्सिल होती ती घेतली, फोटो पालथा घातला आणि लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण थांबली नाही.

"हा फोटो खोटा आहे. डोळे फोटोवाल्यानं खरवडले. दिवाळीची सूज खरी होती पण रडण्याची नव्हती. मीठ जास्त खाल्लं. मी रडत नाही. इथे रडायला जागा नाही. मी बरी आहे. तरी या."

'तरी या' वाचून बघितलं. पुढे काही घालावं असं वाटलं नाही. फोटो पत्राच्या घडीत सरकवला. काशीराम डोकं पुसत बाहेर आले, शितं लावून पाकीट बंद केलं आणि म्हणाले, "जा गो, पेटीत टाकून ये. तुझाच फोटो हा तो."

तिनं टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत हात पेटीत ठेवला.

मग सव्वा महिना. वनमाला पीठ चाखायची आणि थुंकायची. उताणी झोपायची, दोन उश्या घेऊन. डोळे पूर्ण मोकळे झाले आणि त्या मोकळ्या डोळ्यांनी ती रोज पोस्टमनची वाट बघायची. आता तिच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं म्हणून कुणी काही विचारतही नव्हतं. एवढी आठवण तिला मागच्या तीन वर्षांत कधी आली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी पाकीट आलं. काशीरामांनी वाचायला घेतलं. प्रकृती, हवा, कौलं. "सहीबद्दल समक्ष बोलू." काशीराम ती ओळ दोनदा वाचून थांबले. समक्ष म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

पाकिटातून एक फोटो खाली पडला. तो जानकीनं उचलला. म्हातारीला अक्षर ओळखता येत नव्हतं, तिनं नुसतं तोंड बघितलं आणि खाली बसली.

फोटोत दशरथ पहिल्यांदाच गॉगलशिवाय होता. उन्हात उभा, केस विरळ झालेले. आणि डोळ्यांखाली दोन फुगवटे, टम्म, कातडी ताणलेली. मधे दोन बारीक फटी.

वनमालानं फोटो सासूच्या हातातून हळूच काढून घेतला आणि मागे बघितलं. पेन्सिलीनं लिहिलं होतं:

"उन्हात काम करणाऱ्यांना इथे मिठाच्या गोळ्या देतात. म्हणून गॉगल. सही केली नाही. मीठ कमी खा."

तिनं फोटो सुलटा केला. पदराचं टोक हंड्यात बुडवलं, पिळलं आणि त्याच्या पापण्यांवरून अलगद फिरवलं. एकदा या डोळ्यावरून, एकदा त्या. टिपायला काही नव्हतं तिथे.

"रडता गो माझो झील," जानकी म्हणत होती. "किती रडला असात. बघ ते डोळे."

बायका जमल्या होत्या. चंपा वनमालाकडे बघत होती, आता ही काय म्हणते म्हणून.

"होय आई," वनमाला म्हणाली. "रडतात."

आणि फोटो पापडाच्या डब्यात ठेवून ती पोळपाटाशी जाऊन बसली. पीठ सुकत आलं होतं.